टाकी भरली हे मोटरला कोण सांगणार?



हुबळी-धारवाडच्या घरांना पाण्याचं वेगळं कॅलेंडर असतं. आपल्याकडे पाणी येतं मलप्रभेवरच्या रेणुकासागरातून, सौंदत्तीहून. अनेक भागांत ते रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येतं. गल्लीत कुणीतरी "नीर बंतु!" म्हणून ओरडतं आणि घराघरांत धावपळ सुरू होते. आधी संप भरायचा, मग मोटर लावून वरची टाकी, मग पिंप, घागरी, बादल्या. वेळ रात्री दोनची असली तरी उठावंच लागतं.

या व्यवस्थेत कुणीतरी एक माणूस घरचा 'कंट्रोलर' असतो. संपाचं झाकण उघडून पाणी किती आहे ते पाहणं, मोटर लावणं, गच्चीवरून पाणी सांडल्याचा आवाज आला की बंद करणं ही त्याची कामं. पूर्वी घरात पाच-सहा माणसं असायची, कामं वाटली जायची. आता आपल्यापैकी बरेच जण बंगळुरात नाहीतर पुण्यात आहेत आणि घरी आई-बाबा किंवा आजी-आजोबाच असतात. सत्तरीतला माणूस रात्री ओल्या जिन्यावरून गच्चीवर जातो, ही आपल्या अनेक घरांतली खरी काळजी आहे. म्हणून या वेळचा विषय आहे संप आणि टाकीतले स्विच-सेन्सर घरच्या छोट्या कंट्रोलरला नीट कसे जोडायचे. बाजारात तयार पेट्याही मिळतात. तुम्ही ती विकत घ्या किंवा स्वतः बनवा, आत काय चालतं ते कळलेलं बरं.

शहराने केलेले प्रयोग

हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न आपल्या शहरात दोन बाजूंनी झाला. पहिली बाजू पुरवठ्याची. जागतिक बँकेच्या २००४ मधल्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्याच्या काही निवडक भागांत चोवीस तास पाण्याची योजना झाली आणि २००८ पासून तिथे नळाला सतत पाणी येऊ लागलं. पण हे भाग शहराच्या साधारण एक दशांश लोकसंख्येएवढेच होते. बाकीच्यांचे संप आणि मोटरी तशाच राहिल्या.

दुसरी बाजू माहितीची. २०११ च्या सुमाराला 'नेक्स्टड्रॉप' नावाची सेवा हुबळीत सुरू झाली. आपल्याकडे वॉल्व्हमन गल्लीगल्लीत फिरून व्हॉल्व्ह उघडतो. त्याने व्हॉल्व्ह उघडताना फोन करून कळवायचं आणि त्या भागातल्या घरांना मोबाइलवर संदेश जायचा. विद्युत भाषेत सांगायचं तर वॉल्व्हमन हा सेन्सर, त्याचा फोन ही तार आणि तुमच्या घरची धावपळ ही मोटर. कल्पना सुंदर होती, पण तिचा सगळा भार त्या एका फोनवर होता. फोन आला नाही, तर पाणी येत नाही असं समजायचं की फोन करायचा राहिला असं समजायचं? हा प्रश्न लक्षात ठेवा. घरच्या तारांनाही आपल्याला हाच प्रश्न विचारायचा आहे.

शेतीतलं उदाहरण पुण्याचं आहे. संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण बनवलं. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला ते जोडायचं आणि मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचा. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. थ्री फेज वीज रात्री येते तेव्हा शेतकऱ्याला अंधारात, सापा-विंचवाच्या वाटेने पंपापर्यंत जावं लागतं. त्याची ती फेरी वाचवणं हा या उपकरणाचा उपयोग. घरचा गच्चीचा जिना आणि शेताची वाट यांत अंतर फार नाही.

कंट्रोलरला कळतं तरी काय?

अर्डुइनो घ्या किंवा ईएसपी३२. त्याच्या पिनेला 'टाकी भरली' हे कळत नाही. तिला फक्त आपल्यावर व्होल्टेज आहे की नाही एवढंच कळतं. अर्डुइनो ऊनोत ते ५ व्होल्ट, ईएसपी३२ मध्ये ३.३ व्होल्ट. आणि टाकीतला फ्लोट स्विच संदेश वगैरे काही पाठवत नाही. तो दोन तारा एकमेकींना जोडतो किंवा तोडतो, बस.

त्यामुळे सर्वात सोपी जोडणी अशी: स्विचची एक तार पिनेला, दुसरी ग्राउंडला. स्विच बंद झाला म्हणजे तारा जुळल्या आणि पिन शून्यावर आली. पण स्विच उघडा असेल तेव्हा? तेव्हा पिन अधांतरी लटकते. लांब तार अँटेनासारखी वागते, शेजारच्या वायरिंगमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाट पकडते आणि कंट्रोलरला कधी ०, कधी १ दिसतं. मोटर आपोआप चालू-बंद होऊ लागते आणि घरचे म्हणतात, "हे तुमचं ऑटोमॅटिक काढून टाका बघू!"

त्यावर उपाय म्हणजे पुल-अप रेझिस्टर. पिन आणि पुरवठा यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की स्विच उघडा असताना पिन ठामपणे १ वर राहते. बहुतेक कंट्रोलरमध्ये असा रेझिस्टर आत असतो, प्रोग्रॅममधून चालू करता येतो. पण तो दुबळा असतो. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ क्रमांकाच्या पिनांना तर तो नसतोच. अनेकांचा रविवार या एका गोष्टीत जातो. तार हातभर असेल तर आतला चालेल. संप ते गच्ची अशी पंधरा-वीस मीटरची तार असेल तर बाहेरून रेझिस्टर लावावा.

त्याहून चांगली पद्धत कारखान्यांची आहे. तारिहाळ किंवा गोकुळ रोडच्या एखाद्या कारखान्यात पीएलसीचं पॅनेल पाहिलंत तर सेन्सरच्या तारांत बहुधा २४ व्होल्ट डीसी दिसतील. घरीही तसं करता येतं. २४ व्होल्टची तार फ्लोट स्विचमधून फिरवून आणायची आणि एका रेझिस्टरमधून पीसी८१७ सारख्या ऑप्टोकपलरला द्यायची. २.२ किलोओहमचा रेझिस्टर घेतला तर साधारण १० मिलिअँपिअर करंट वाहतो. रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घ्या, पाव वॉटचा तापेल. ऑप्टोकपलरमध्ये एका बाजूला छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशावर चालणारा ट्रान्झिस्टर असतो. मधे तार नाही, फक्त उजेड. गच्चीवरच्या तारेत पावसाळी गडगडाटात एखादा झटका आला तरी तो थेट कंट्रोलरच्या पिनेत शिरत नाही. वीजच पडली तर मात्र याचा इलाज नाही.

तार तुटली म्हणजे 'थांब'

आता लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग. फ्लोट स्विच दोन प्रकारे जोडता येतो: टाकी भरल्यावर जोडला जाणारा, किंवा टाकी भरल्यावर तुटणारा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, प्रोग्रॅममध्ये एक चिन्ह बदललं की झालं. पण गच्चीवर उंदीर असतात, ऊन असतं, माकडं असतात. एक दिवस तार तुटणार, हे धरून चाला.

भरल्यावर जोडला जाणारा स्विच असेल आणि तार तुटली, तर कंट्रोलरला 'भरली' असं कधीच कळणार नाही. मोटर चालतच राहील, पाणी वाया जाईल, संप रिकामा होईल आणि मग कोरडी फिरून मोटरचं सील जळेल. सीलला गार ठेवण्याचं काम पाणीच करत असतं. याउलट भरल्यावर तुटणारा स्विच असेल तर तुटलेली तार आणि भरलेली टाकी कंट्रोलरला सारखीच दिसतात. दोन्ही वेळा मोटर थांबते. पाणी चढलं नाही म्हणून सकाळी कुरकुर होईल, पण मोटर वाचेल.

ही युक्ती रेल्वेत फार जुनी आहे. हुबळी हे दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, तेव्हा हे उदाहरण आपल्या घरचंच. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून छोटासा करंट सतत वाहतो आणि तो एक रिले उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेला करंट मिळत नाही, तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली किंवा तार तुटली तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. हिरवा दिसायला सगळं ठीक असल्याचा पुरावा सतत मिळत राहावा लागतो.

घरीही हाच नियम ठेवा. वॉल्व्हमनचा फोन आठवतो ना? 'निरोप आला नाही' याचा अर्थ आधीच ठरवून ठेवायचा. घरच्या बाबतीत तो अर्थ आहे 'थांब'. मग तीन फ्लोट असे बसवायचे:

पहिला संपात. पुरेसं पाणी असेल तरच जोडलेला.
दुसरा टाकीच्या वरच्या पातळीला. टाकी भरेपर्यंत जोडलेला, भरली की तुटणारा.
तिसरा टाकीच्या अर्ध्यावर. पाणी त्याच्या खाली गेलं की जोडला जाणारा.

तिन्ही जोडलेले असतील तरच मोटर सुरू करायची. सुरू झाल्यावर तिसऱ्याकडे दुर्लक्ष करायचं आणि पहिला किंवा दुसरा तुटला की बंद करायची. तिसरा कशाला, असं वाटेल. एकाच फ्लोटवर काम चालवलं तर कुणी एक तांब्या पाणी घेतलं की मोटर सुरू, दोन मिनिटांत बंद. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. दिवसातून पन्नास वेळा असं झालं तर वाइंडिंग तापून खराब होणारच.

बाजारातल्या केबलवाल्या फ्लोटमध्ये बहुधा तीन तारा असतात: एक सामाईक, एक वर तरंगल्यावर जुळणारी, एक खाली लोंबल्यावर जुळणारी. रंग कंपनीगणिक बदलतात. बसवण्याआधी मल्टिमीटर लावून, फ्लोट हाताने वर-खाली करून खात्री करा.

एक धोका मात्र यातही उरतो. तारा तुटण्याऐवजी एकमेकींना चिकटल्या, तर कंट्रोलरला सगळं ठीकच वाटेल. त्यासाठी घड्याळ हवं. टाकी १००० लिटरची आणि मोटर मिनिटाला ४० लिटर चढवत असेल, तर रिकामी टाकी भरायला २५ मिनिटं लागतील. प्रोग्रॅममध्ये ३५ मिनिटांची मर्यादा घाला. ती ओलांडली तर मोटर बंद, बझर चालू, आणि कुणी येऊन पाहीपर्यंत पुन्हा सुरू करायची नाही.

पाणी हलतं, स्विच थरथरतो

बटण दाबलं की आतला पत्रा एकदा टेकून थांबत नाही, काही मिलिसेकंद थडथडतो. कंट्रोलर इतका वेगवान असतो की त्याला ती पाच-सहा दाबणी वाटतात. बटणासाठी २० ते ५० मिलिसेकंद वाट पाहिली की पुरे. फ्लोटचं तसं नाही. टाकीत धार पडत असते, पाण्यावर लाटा असतात, फ्लोट डुलत असतो. तिथे सलग तीन ते पाच सेकंद एकच स्थिती दिसली तरच ती खरी मानावी.

वीज गेली आणि आली, की काय करायचं तेही ठरवून ठेवा. कंट्रोलरने नेहमी 'मोटर बंद' याच स्थितीत जागं व्हावं, एक-दोन मिनिटं व्होल्टेज स्थिर होऊ द्यावं आणि मग फ्लोट तपासावेत.

दुसरे सेन्सर

पाण्यात स्टीलच्या सळ्या सोडून त्यांच्यातून करंट जातो का हे पाहायची पद्धत स्वस्त आहे. पण सतत डीसी दिला तर सळ्या झिजतात आणि बोअरच्या जड पाण्यात त्यांच्यावर क्षारांचा थर चढतो. ती वापरायचीच असेल तर मोजण्यापुरताच क्षणभर करंट द्यावा.

अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याचं अंतर मोजतो. एचसी-एसआर०४ हा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचा एको सिग्नल ५ व्होल्टचा असतो, तो ईएसपी३२ ला थेट देऊ नये. १ आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी विभागून ३.३ व्होल्टवर आणावा. पण तो उघडा सेन्सर आहे, टाकीतल्या वाफेने लवकर बिघडतो. वॉटरप्रूफ प्रकार मिळतो, पण त्याला साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा जवळचं दिसत नाही, म्हणून तो झाकणाच्या वर उंचावर बसवावा लागतो. मोबाइलवर 'टाकी ६० टक्के' असं बघायला अल्ट्रासॉनिक छान. मोटर थांबवायचं काम फ्लोटकडेच असू द्या.

नळाला पाणी आलं हे ओळखायला काही जण पाइपात चक्रीवाला फ्लो सेन्सर बसवतात. आपल्याकडे त्यात एक गंमत आहे. बरेच दिवस रिकाम्या राहिलेल्या पाइपात पाण्याआधी हवा येते, शीळ घालत. चक्री त्या हवेनेही फिरते. संपातल्या पाण्याची पातळी खरोखर वाढू लागली की बझर वाजवणं हा त्यापेक्षा विश्वासू मार्ग.

मोटरच्या बाजूला

इथून पुढे २३० व्होल्टचं काम आहे. ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण काय करायचं ते त्याला सांगता आलं पाहिजे.

छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं. ते बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडसाठी. एक एचपीच्या मोटरचा सुरुवातीचा करंट त्याच्या संपर्कांना चिकटवून टाकू शकतो, आणि चिकटलेला रिले कंट्रोलरचं ऐकत नाही. म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि मोटर कॉन्टॅक्टरने. पुशबटण स्टार्टर असेल तर लाल बटणाच्या ओळीत सिरीजमध्ये एक रिले आणि हिरव्या बटणाला समांतर दुसरा रिले, जो क्षणभरच जुळतो. पहिल्या रिलेचे संपर्क असे निवडा की कंट्रोलर बंद पडला तर ते उघडतील. ओव्हरलोड रिले आहे तसाच राहू द्या.

फ्लोटमधून थेट २३० व्होल्ट नेऊन मोटर चालवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती टाळा. केबलचं वेष्टण फाटलं तर वीज पाण्यात उतरते, आणि तेच पाणी आपण अंगावर घेतो. पाण्यात जाणारी तार १२ किंवा २४ व्होल्टचीच हवी. मोटरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवं. सेन्सरच्या तारा आणि मोटरच्या तारा एकाच पाइपातून नेऊ नका. कॉन्टॅक्टर सुटताना कंट्रोलर रीसेट होत असेल तर कॉइलवर स्नबर लावा, डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड.

आजींच्या हातात राहू द्या

पॅनेलवर तीन जागांचा एक स्विच हवाच: ऑटो, बंद, हाताने. वायफाय नसताना, मोबाइल चार्ज नसताना, मुलगा बंगळुरात झोपलेला असताना घरच्या माणसाला मोटर लावता आली पाहिजे. 'हाताने' या जागेवर स्टार्टरची लाल-हिरवी बटणं कंट्रोलरशिवाय, पूर्वीसारखीच चालावीत. त्या जागेवर संपाचं संरक्षणही नसतं, हे घरच्यांना सांगून ठेवा. मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, खाली कन्नडमध्येही. कारण दुरुस्तीला येणारा माणूस बहुधा कन्नड वाचणारा असेल. आणि मोटर दुरुस्त करताना हा स्विच 'बंद'वर ठेवून मेन एमसीबीही पाडायचा, हे त्याच पाटीवर असू द्या. ऑटोमॅटिक मोटर कुणाच्या हाताखाली अचानक सुरू होऊ नये.

घरच्यांच्या ताब्यात देण्याआधी एक अर्धा तास परीक्षेला द्या. मोटर चालू असताना संपाच्या फ्लोटची तार टर्मिनलमधून काढा: थांबली पाहिजे. परत लावून सुरू करा, वरच्या फ्लोटची काढा: थांबली पाहिजे. मग कंट्रोलरचा अ‍ॅडॉप्टर उपटा: थांबली पाहिजे. शेवटी मेन बंद करून पुन्हा चालू करा: लगेच सुरू होता कामा नये. या तारा फक्त २४ व्होल्टच्या आहेत, पण २३० ची पेटी या वेळी बंदच असू द्या. दर पावसाळ्याआधी हेच पुन्हा करा.

चारही वेळा बरोबर उत्तर आलं, तर पुढच्या वेळी रात्री दोनला पाणी येईल तेव्हा आई-बाबांना बझर बंद करून कुशीवर वळता येईल. गच्चीचा जिना सकाळी उजेडात चढला तरी चालेल.